हप्ता का थांबला? शेतीच्या अनुदानाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पीएम किसानच्या, म्हणजे केंद्र सरकारकडून शेतकऱ्यांना मिळणाऱ्या मदतीच्या, हप्त्याविषयी मी चार ओळी लिहिल्या आणि त्यावर बरीच पत्रं आली. लिहिणारे बहुतेक जण राहतात धायरी, वारजे, हडपसर, हिंजवडी अशा ठिकाणी. सातबारा मात्र भोरला, पुरंदरला, आंबेगावला, दौंडला. शेत एकीकडे, बँकेचं खातं दुसरीकडे आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर तिसऱ्याच कुणाच्या तरी खिशात. कृषी खात्यात गावोगाव फिरत होते तेव्हा मी ज्या तक्रारी ऐकल्या, त्यातल्या बऱ्याच याच तिढ्यातल्या होत्या. यावेळी त्यातले काही प्रश्न घेते. नावं गाळली आहेत.

आजी आंबेगाव तालुक्यात असते. तिच्या नावावर सव्वा एकर रान आहे. गावच्या बँकेतल्या पासबुकात गेल्या वर्षीपासून पीएम किसानचा एकही हप्ता उठलेला नाही. वेबसाइटवर बघितलं तर पैसे जमा झाल्याचं दिसतं. पैसे खाल्ले कुणी? (वारजे)

कुणी खाल्लेले नाहीत. आधी आजीला विचारा, मधल्या काळात नवं सिमकार्ड घेतलं का? किंवा आठवडे बाजारात छत्री लावून बसलेल्या एखाद्या पोरानं "आजी, इथं अंगठा ठेवा" म्हटलं होतं का?

पीएम किसानचा पैसा अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जातो अशी बहुतेकांची समजूत असते. तो जातो आधार क्रमांकावर. कुठला आधार कुठल्या बँकेला जोडलाय याची नोंद एनपीसीआय या संस्थेकडे असते आणि एका आधारपुढे एकाच बँकेचं नाव राहतं, सगळ्यात शेवटी जोडलेल्या बँकेचं. सिम देताना कधीकधी त्याच अंगठ्यावर पेमेंट्स बँकेचं खातं उघडलं जातं, ते आधारला जोडलंही जातं आणि आजीला त्याचा पत्ता नसतो. गावच्या बँकेत तिनं आधारची झेरॉक्स दिली असेल, पण ती केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी. अनुदान घेण्यासाठी आधार जोडायचा तर वेगळा संमती अर्ज भरावा लागतो.

आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. ओटीपी आजीच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर येईल, तेव्हा तो फोन जवळ असू द्या. तिथं ज्या बँकेचं नाव दिसेल तिथं सगळे हप्ते पडून असतील, ते अंगठ्यावर काढता येतात. मग आजीला गावच्या बँकेत घेऊन जा आणि काउंटरवर "आधार लिंक करा" एवढंच बोलू नका. डीबीटीसाठी (म्हणजे अनुदान थेट खात्यात येण्यासाठी) एनपीसीआय मॅपिंगचा अर्ज हवा, असं नीट सांगा आणि अर्जाची पोच घ्या. नुसतं "लिंक" म्हटलं की समोरचा संगणकात बघून "आहे की लिंक" म्हणतो, आणि त्याच्या परीनं ते खरंही असतं.

मी हिंजवडीत नोकरी करतो, आयकर भरतो. वडील शिरूर तालुक्यात शेती बघतात. पीएम किसानचे आजवर मिळालेले सगळे पैसे परत करा अशी त्यांना नोटीस आली आहे. माझ्या आयकरामुळे त्यांना हा त्रास का? वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेत. (हिंजवडी)

तुमच्या आयकराचा इथं काही संबंध नाही. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुलं. कमावता मुलगा त्यात येत नाही. उत्तर तुमच्याच पत्राच्या शेवटच्या वाक्यात आहे: सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आणि महिना १०,००० रुपये किंवा जास्त पेन्शन असलेले योजनेबाहेर आहेत. शिपाई किंवा चतुर्थ श्रेणीतले कर्मचारी तेवढे चालतात. मुख्याध्यापक चालत नाहीत.

वडिलांनी फसवणूक केली असं मी मुळीच म्हणणार नाही. योजना जाहीर झाली फेब्रुवारी २०१९ मध्ये, गावोगाव याद्या घाईनं तयार झाल्या. सातबारा आहे ना, मग करा सही, असा तो मामला होता. त्या कागदावर स्वयंघोषणा छापलेली होती, ती कोण वाचतंय? पण सही त्यांची आहे, त्यामुळे पैसे परत करावे लागतील. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन भरा आणि पावती जपून ठेवा. नोटीस दडवून ठेवू नका.

याच विषयावर आणखी एकानं विचारलंय की रिटर्न भरलं म्हणजे अपात्र का. नियम मागच्या वर्षी आयकर भरलेल्यांसाठी आहे. रिटर्न भरलं आणि कर शून्य निघाला, तर तो आयकर भरणं होत नाही. रिटर्नची प्रत दाखवून दाद मागा.

सासऱ्यांची जमीन भोर तालुक्यात. ते २०२० मध्ये गेले, मग जमीन यजमानांच्या नावावर झाली आणि त्यांना हप्ते सुरू झाले. यजमान २०२३ मध्ये गेले. नंतरही काही हप्ते त्यांच्या खात्यावर आले, आता बंद झालेत. बँक म्हणते खातं बंद करा, दीर म्हणतात राहू दे. मला ही मदत मिळू शकते का? मुलगी कॉलेजला, मुलगा शाळेत आहे. (धायरी)

ताई, मिळू शकते. पण पहिल्यांदा सातबारा, मग बाकीचं.

या योजनेत जमीनधारणेची तारीख १ फेब्रुवारी २०१९ धरली आहे. त्यानंतर कुणी जमीन विकत घेतली असेल तर त्याला लाभ नाही. वारसाहक्कानं नाव लागलं असेल तर मात्र तारीख आड येत नाही. यजमानांना हप्ते मिळाले ते याच नियमानं आणि तुम्हालाही तोच लागू आहे. अट एकच, सातबाऱ्यावर तुमचं नाव हवं.

वारस नोंदीसाठी गावच्या तलाठ्याकडे अर्ज करा. (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, आमच्या कृषी सहायकांचंही बदललं. भोरच्या डोंगरात अजून सगळे तलाठीच म्हणतात, तुम्हीही म्हणा.) पुण्यातून सारखं जाणं होत नसेल तर ई-हक्क प्रणालीवर घरी बसून अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि सातबारा, आठ-अ जोडायचे. त्यानंतर नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडल अधिकारी फेरफार, म्हणजे नावातल्या बदलाची नोंद, मंजूर करतात. राज्य सरकारनं २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम काढली ती नेमकी याचसाठी, मेलेल्या माणसांची नावं काढून वारसांची लावायला. त्यात तुमच्या गावचं काम झालंय का, हे आधी विचारा. कदाचित निम्मी वाट चालून झालेली असेल.

प्रतिज्ञापत्रात मुलीचं नाव घाला. "ती उद्या लग्न होऊन जाईल" असं कुणीतरी म्हणेल, आणि कोण म्हणेल याचा मला अंदाज आहे. वारस म्हणजे तुम्ही, मुलगी आणि मुलगा, तिघंही; सासूबाई हयात असतील तर त्याही. हक्कसोडपत्राचा कागद पुढे आला तर त्या दिवशी सही करू नका. घरी आणा, कुणा वकिलाला दाखवा.

यजमान गेल्यानंतर जमा झालेले हप्ते परत करावे लागतात. ते एटीएम कार्ड वापरून काढले असतील तर हिशोब करून ठेवा. खातं चालू ठेवा म्हणणाऱ्या दिरांचं ऐकू नका, उद्या वसुलीची नोटीस तुमच्या दारात येईल, त्यांच्या नाही. मृत्यूचा दाखला देऊन यजमानांची नोंद बंद करून घ्या आणि पैसे तालुका कृषी कार्यालयाच्या सांगण्याप्रमाणे भरा. सातबाऱ्यावर नाव चढलं की नवी नोंदणी तुमच्या नावानं करा. तीत ई-केवायसी आलीच. ओटीपीनं होते, सेवा केंद्रात अंगठ्यानं होते, मोबाइल अ‍ॅपवर चेहरा दाखवूनही होते. भांडी-धुणी करून ज्यांच्या बोटांचे ठसे पुसट झालेत त्यांच्यासाठी चेहऱ्याची सोय फार कामाची आहे.

पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीतून आणखी ६,०००. नमोसाठी निराळा अर्ज नाही, पीएम किसानला पात्र ठरलात की त्याच यादीवरून तो मिळतो. दोन्ही मिळून १२,००० होतात. मुलाच्या शाळेची फी त्यात निघायची नाही, पण सोडून देण्याइतकी ती रक्कम लहानही नाही.

आणि तुमच्या जावेला एक निरोप द्या. दीर हयात आहेत तोवर लक्ष्मी मुक्ती योजनेतून तिचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावून घेता येतं. त्यानं हप्ता दुप्पट होणार नाही, कुटुंबाला एकच मिळतो. पण पुढेमागे तुमच्यासारखी धावाधाव तिला करावी लागणार नाही.

पुरंदरला दोन एकर सीताफळ आहे. मार्चमध्ये ठिबक बसवलं. विक्रेता म्हणाला अर्ज नंतर करू, ८० टक्के परत मिळतात. आता तो फोन उचलत नाही. (हडपसर)

मिळणार नाहीत. वाईट वाटतं, पण खोटी आशा लावण्यात अर्थ नाही. ठिबकच्या अनुदानात आधी महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर अर्ज, मग निवड, मग कागदपत्रं, मग पूर्वसंमती आणि त्यानंतरच खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असेल तर फाइल पुढे सरकत नाही. बिलाची तारीख बदलून देतो म्हणणारा कुणी भेटेल, त्याच्या नादी लागू नका. मोका तपासणीला, म्हणजे शेतावर संच बघायला, येणारा माणूस नळीवरचा मळ बघून सांगतो की संच कधीचा आहे.

पुढच्या वेळेसाठी आकडे नीट समजून घ्या. केंद्राचं अनुदान अल्प आणि अत्यल्प भूधारकांना, म्हणजे दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना ५५ टक्के आणि इतरांना ४५. त्यावर राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून अनुक्रमे २५ आणि ३० टक्के. म्हणून ८० आणि ७५. मात्र हे टक्के तुमच्या बिलाचे नसतात. दोन ओळींतल्या अंतरावरून सरकारनं हेक्टरी खर्चाचा जो मापदंड ठरवलाय, त्याचे असतात. विक्रेत्यानं बिल फुगवलं तर फुगवटा तुमच्याच खिशातून जातो. पूर्वी लॉटरी निघायची, २०२५ पासून जो आधी अर्ज करेल त्याला प्राधान्य असं झालंय. तेव्हा अर्ज लवकर टाकण्यात फायदा आहे.

दौंड तालुक्यात दुसऱ्याचं रान अर्धलीनं (निम्म्या वाट्यानं) करतो. मालक कोथरूडला असतात, माणूस चांगला आहे. पण पीएम किसान त्यांना, नमो त्यांना, अतिवृष्टीची भरपाई त्यांना. कांदा सडला तो माझा. मला यातलं काहीच नाही का? विमा तरी माझ्या नावानं होईल का? मालक लिहून द्यायला तयार नाहीत. (दौंड)

दादा, या सगळ्या पत्रांत तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही जे विचारलंय ते नोकरीत असताना मला कितीतरी बांधांवर विचारलं गेलं आणि मी नियम सांगून पुढे गेले, कारण नियम तसाच आहे. पीएम किसान जमीनधारकाची योजना आहे. नमो तिच्याच यादीवर चालते. अतिवृष्टीची मदत पंचनाम्यानंतर खातेदाराच्या आधारला जोडलेल्या खात्यात जाते. ई-पीक पाहणी २०२१ मध्ये सुरू झाली, शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो टाकायचा. फोटोत तुमचा कांदा असतो, नोंद मात्र खातेदाराच्या सातबाऱ्यावर. माझं स्पष्ट मत आहे की हे चुकीचं आहे. नुकसान ज्याचं, त्याच्या हातात भरपाई गेली पाहिजे.

मालक लिहून का देत नाहीत, त्याचं मूळ १९४८ च्या कूळ कायद्यात आहे. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानलं गेलं. हजारो कुटुंबांचं त्यानं भलं झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्यानंतर पुढच्या पिढ्यांतल्या जमीनमालकांनी एक धडा घेतला, की कसणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर येऊ द्यायचं नाही. कोथरूडच्या तुमच्या मालकांनी कायद्याचं कलम वाचलेलं नसेल, पण आजोबांच्या तोंडून "अमक्याची जमीन कुळात गेली" हे ऐकलेलं असणार. त्यामुळे दरवर्षी पाडव्याला तोंडी बोली होते आणि कागद कोराच राहतो. कसणाऱ्यासाठी केलेल्या कायद्याची भीती आज कसणाऱ्याच्याच आड येते. त्यात तुमचा दोष नाही. मालकांनाही मी फार बोल लावणार नाही.

विम्याचं उत्तर: होतो. पीक विमा योजनेत वाटेकरी आणि भाडेपट्ट्यानं कसणारे दोघंही बसतात, पण आपल्या राज्यात त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. शंभराच्या स्टँपवर लिहिलेला साधा कागद पुरत नाही. करारात मुदत, गट नंबर आणि क्षेत्र नीट लिहा, मालकांना त्यांच्या ओळखीच्या वकिलाकडून वाचून घेऊ द्या. त्यांची भीती तुम्ही समजावून जाणार नाही, वकिलानं समजावलं तर कदाचित जाईल. एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झालाय. आता खरिपाच्या अन्नधान्याला आणि तेलबियांना विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कांद्यासारख्या नगदी पिकाला ५ टक्के हप्ता भरावा लागतो. भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांच्या उत्पन्नावरून ठरते, तुमच्या एकट्याच्या वाफ्यावरून नाही. हे माहीत असूनच पैसे भरा, म्हणजे नंतर मनस्ताप होणार नाही.

करार झालाच नाही तर? मग हंगामाच्या आधी, पिकाची वाटणी ठरवता त्याच बैठकीत भरपाईचीही वाटणी ठरवा. बी, खत, मजुरी निम्मी-निम्मी ठरते, मग सरकारी मदत आली तर तिचं काय, हे कुणी बोलतच नाही. ती येते तेव्हा मालकाच्या खात्यात पडलेली असते आणि मागायला जीभ रेटत नाही. मालक चांगले आहेत असं तुम्ही लिहिलंय, तर हे बोलणं आत्ता सोपं आहे. कांदा सडल्यावर अवघड होईल. दोघांच्या सह्यांची चिठ्ठी कोर्टात टिकेल असं मी म्हणत नाही, पण कोथरूडच्या दिवाणखान्यात ती पुरेल.

कर्जाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत तोंडी बोलीवर कसणारे आणि वाटेकरीसुद्धा पात्र आहेत. एकट्याला बँक दारात उभं करत नाही हे खरं. पण नाबार्ड या शेतीसाठीच्या राष्ट्रीय बँकेनं संयुक्त देयता गटाची (जेएलजी) पद्धत घालून दिली आहे. ४ ते १० जणांचा गट, एकमेकांची हमी, जमीन तारण नाही. गावात तुमच्यासारखे आणखी चार जण असणारच. शाखाधिकाऱ्याला "कर्ज देता का" विचारू नका, "जेएलजीचा अर्ज द्या" म्हणा.

इतर राज्यांनी वेगळा प्रयत्न केलाय. ओडिशाच्या कालिया योजनेत भूमिहीन शेती कुटुंबांना धरलं गेलं. आंध्रानं २०१९ मध्ये पीक काढणाऱ्याला हक्काचं कार्ड देणारा कायदा केला, ज्यात मालकाची मालकी अबाधित राहते. त्यातही मालकाची सही लागते, म्हणून तिथंही घोडं अडतंच. पण निदान कसणारा नावाचा कुणी माणूस आहे, हे त्या सरकारी कागदावर लिहिलेलं असतं. आपल्याकडे हे व्हायचं असेल तर तुमच्यासारख्यांनी ग्रामसभेत, लेखी, मागायला हवं. राज्याचं कृषी आयुक्तालय पुण्यातच आहे. एक प्रत तिकडेही टाका आणि आवक क्रमांक घ्या.

माझी जमीन खेड आणि जुन्नर अशा दोन तालुक्यांत आहे. शेतकरी ओळख क्रमांक दोन काढायचे का? (पिंपरी)

एकच. अ‍ॅग्रिस्टॅक या सरकारी नोंदणीतला हा क्रमांक शेतकऱ्याचा असतो, शेताचा नाही. नोंदणी करताना दोन्ही तालुक्यांतले जमिनीचे सगळे गट नंबर त्याच आधारवर जोडा. एखादा गट राहिला तर त्या गटावरच्या योजनेला अडचण येईल. कृषी योजनांसाठी १५ एप्रिल २०२५ पासून हा क्रमांक सक्तीचा आहे, तेव्हा पुढे ढकलू नका. सातबाऱ्यावर "दत्तू" आणि आधारवर "दत्तात्रय" असं असेल तर आधी ते एकसारखं करून घ्या, नोंदणी तिथंच अडकते. आणि ही नोंदणी करून देतो म्हणत व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी एपीके फाइल (मोबाइलवर अ‍ॅप बसवणारी फाइल) पाठवली तर ती उघडू नका. सेवा केंद्रात जा.